आनंदीताई आणि हबशांचा रंग

कुवेतच्या त्या मराठी मंडळात मुलांचं नाटक असलं की रंगभूषेला आनंदीताई, हे गेली सहा वर्षं ठरलेलं होतं. बाई मूळच्या औरंगाबादच्या, राहायला रिग्गईत, नोकरी डायलिसिस विभागात नर्सची. बावीस वर्षं सुया टोचून हात इतका हलका झाला होता की मिशी रंगवताना चार वर्षांचं पोरही हलत नसे.

यंदाचं नाटक किल्ल्यावरच्या लढाईचं. शत्रूकडे आठ हबशी पहारेकरी. हबशी दरवर्षीच असत, आणि मार खाऊन पळत. शुक्रवारी दुपारी ताईंनी आठ मुलांना बसवून तोंडाला काळा रंग चोपडला, ओठ लालभडक केले. मुलं आरशापुढे "हू हू" करत नाचू लागली.

तेवढ्यात त्सेहाय आली. ही त्यांच्याच वॉर्डातली नर्स, इथिओपियाची. तीन वर्षं दोघी एकाच शिफ्टला. नाटक बघायला ये म्हणून ताईंनीच तिला हौसेनं बोलावलं होतं. दारातच ती थबकली. रंगवलेली एक मुलगी तिच्याकडे बोट दाखवून ओरडली, "लुक! शी'ज ऑलरेडी डन!"

खोलीत हशा पिकला. आया हसल्या, मंडळाचे सचिव बाळासाहेब पोट धरून हसले. त्सेहाय दारातूनच माघारी फिरली.

ताई म्हणजे रक्त, पू, ओकारी यांची कधी किळस न आलेली बाई. पण त्यांना ती हसणारी तोंडं बघवेनात. आणि काळ्या झालेल्या स्वतःच्या बोटांकडे तर त्याहून बघवेना.

त्यांनी खोबरेल तेलाची बाटली आणि कापूस घेतला, आणि त्या मुलीला जवळ ओढून तिचं तोंड पुसायला सुरुवात केली.

"अहो ताई, काय करताय? पंधरा मिनिटांत पडदा आहे!" बाळासाहेब धावत आले.

"पुसतेय. हा गलिच्छपणा आहे."

"नाटक आहे हो. लहान मुलं आहेत. कुणाच्या मनात काही नसतं."

"काही नसतं? मग हसलात कशाला?" ताईंचा आवाज चढला. "आमच्या गावाला पहिली नहर बांधून पाणी कुणी आणलं, माहितीय? मलिक अंबरनं. हबशी होता तो. लहानपणी गुलाम म्हणून विकलेला. ते पाणी पिलेल्यांची लेकरं तुम्ही अशी नाचवता?"

"इतकी वर्षं रंग तुम्हीच लावलात," बाळासाहेब थंडपणे म्हणाले.

ते खरंच होतं. ताई पुसत राहिल्या. पाच चेहरे पुसून झाले. उरलेल्या तिघांना त्यांच्या आयांनी ओढून नेलं आणि आणखी गडद रंगवलं. नाटक झालं, टाळ्याही पडल्या. संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपमधून ताईंचं नाव गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांनी त्सेहायला गाठलं. दोघींचं बोलणं मोडक्या अरबीत आणि इंग्रजीत चाले. ताईंनी माफी मागितली, चेहरे पुसल्याचं सांगितलं, मग मलिक अंबरचीही गोष्ट सांगितली. तुझ्याच देशाचा, केवढा मोठा माणूस, वगैरे.

त्सेहायनं ऐकून घेतलं. "आणि तो मोठा नसता तर?" तिनं विचारलं. "नहर न बांधता कुणाच्या घरी भांडी घासत मेला असता तर? मग चाललं असतं का?"

ताई आपल्या बोटांकडे बघू लागल्या.

"मागच्या वर्षीचे फोटो मी तुझ्या फोनमध्ये पाहिले होते," ती म्हणाली. "तू हसत उभी होतीस. मला वाटलं, एक दिवस तुझं तुलाच कळेल." कप ठेवून ती पेशंटकडे गेली.

त्या आठवड्यात आनंदीताईंनी समितीला पत्र लिहिलं. त्यात मलिक अंबर नव्हता. 'सहा वर्षं मी हे केलं, मला त्याची लाज वाटते, यापुढे कुठल्याही मुलाचं तोंड काळं करू नका,' एवढंच होतं. खाली दोन पालकांनी सह्या केल्या. तिसऱ्या एका आईनं फोन करून सांगितलं, "ताई, पटतं तुमचं, पण सही नको." समितीचं उत्तर आलं नाही.

त्सेहाय शिफ्टला पूर्वीसारखीच बोलते. आधी घरी जेवायला बोलवायची, तसं मात्र अजून बोलावत नाही. ताईंनीही त्याबद्दल तक्रार केलेली नाही.