हुसेनभाईंच्या दुकानामागचे आकाश

हुसेनभाई आतार यांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या चष्म्याची काडी मोडली म्हणून. सत्तर साल उलटून वर्ष-दोन वर्षे झाली असतील. फलटणच्या हायस्कुलात विज्ञानशिक्षक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. बाजारातल्या त्यांच्या चष्म्याच्या दुकानात गेलो, तर पुढे कोणीच नव्हते. मागच्या पडवीत डोकावलो. वाळूने भरलेल्या पिंपावर ताटलीएवढ्या दोन जाड काचा एकावर एक ठेवलेल्या. त्यांच्यामध्ये पाणी आणि काळसर पूड. वरची काच मागेपुढे घाशीत हुसेनभाई पिंपाभोवती एकेक पाऊल फिरत होते. घासण्याच्या त्या एकसुरी आवाजात मी दुपारभर उभा राहिलो असतो.

"एवढा मोठा चष्मा कुणाचा?" मी विचारले.

"चष्मा न्हाई, सायेब. दुर्बिणीचा आरसा हाय." त्यांनी वरची काच उचलून धुतली आणि माझ्या हातात दिली. "बोट फिरवा. मधी जरा खोलगट लागतंय का?"

लागले. भाकरीच्या पापुद्र्याएवढा तो खोलगा. एवढ्याशा खोलग्यात चंद्र उतरतो, असे ते म्हणाले, आणि मी त्या दिवसापासून त्यांचा शिष्य झालो.

तयार दुर्बीण विकत घेणे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच आवाक्यातले नव्हते. ज्याला तारे पाहायचे, त्याने आरसा घासावा. दर रविवारी दुपारी पडवीत आम्ही चार-पाच जण जमत असू. वडूजचे निवृत्त सुभेदार जाधव एस.टी.ने येत, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली काच घेऊन. एकदा माझ्या हलगर्जीपणाने जाड पुडीचा कण शेवटच्या, बारीक पुडीच्या घासणीत गेला आणि हुसेनभाईंच्या आरशावर लांब ओरखडा उठला. चार महिन्यांचे काम गेले. मला तोंड वर करवेना. हुसेनभाईंनी आरसा उन्हाकडे धरला, ओरखडा नीट पाहिला आणि म्हणाले, "पुन्यांदा घासू. तुमी आदी च्या घ्या." पुढच्या चार महिन्यांत त्या ओरखड्याचे नावही त्यांनी काढले नाही.

मात्र आमच्या या छंदात एक उणीव होती. आरसा बरोबर झाला की नाही, हे दिव्याचा आरशावरून परतणारा उजेड दाढीच्या पात्याच्या धारेने अडवून, आरशावर दिसणाऱ्या सावल्यांवरून ओळखायचे असते. ते ओळखणारे डोळे फक्त हुसेनभाईंचे. आम्ही घासायचो, ते पाहायचे आणि ते 'झालं' म्हणाले की झाले.

आणि एका रविवारी ते पात्यामागून बराच वेळ पाहत राहिले. "धुकं हाय ह्याच्यावर," म्हणाले. आरसा पुसला, पुन्हा पाहिले, पुन्हा पुसला. मग मला बोलावले. मी पाहिले, आरसा लख्ख होता.

"बरा हाय का?"

"बरा आहे, हुसेनभाई."

त्यांनी पाते खाली ठेवले. "मग माझंच डोळं गेलं म्हणायचं."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्याच सुमारास आमच्यातल्या दोघांच्या बदल्या झाल्या. आता हे सगळे संपणार, असे मी धरून चाललो होतो. पुढच्या रविवारी गेलो, तर हुसेनभाई दिवा आणि पाते मांडून बसले होते. "बसा मास्तर. सावली कुठं पडलीया, सांगा."

वर्षभर त्यांनी आम्हाला पाहायला लावले आणि स्वतः डोळे मिटून ऐकले. मी आणि सुभेदार भांडायचो. "कड जास्त घासून उतरलीय," मी म्हणे. "न्हाई वं, मधीच उंचवटा हाय," सुभेदार म्हणत. हुसेनभाई निवाडा करीत नसत. "परत बगा," एवढेच.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. जाड भिंगांचा चष्मा लावून ते परतले, तेव्हा सुभेदारांचा आरसा तयार होता; हुसेनभाईंनी न तपासलेला पहिलाच. दिवेलागणीला पडवीमागच्या मोकळ्या जागेत आम्ही दुर्बीण कृत्तिकांकडे लावली. ते वाकले. सुभेदार परेडला उभे राहावेत तसे ताठ उभे होते.

"लय निळं दिसतंय," हुसेनभाई हळूच म्हणाले. "आदी एवढं निळं नव्हतं."

डोळ्यातले मूळ भिंग काढले की निळा-जांभळा प्रकाश अधिक आत येतो, असे डॉक्टरांनी मला नंतर सांगितले. त्या संध्याकाळी एवढेच कळले, की आम्हाला न दिसणारे काहीतरी ते पाहत आहेत आणि आत्ता त्यांच्याशी बोलू नये.

बऱ्याच वेळाने ते सरळ झाले. "कड जरा उतरलीय, सुभेदार."

सुभेदारांचा चेहरा पडला. "पुन्यांदा घासू का?"

"नगा. तारं दिसत्यात. पुढचा आरसा करा, आन् त्यो ह्या मास्तरांकडनं तपासून घ्या. माझ्याकडं आणू नगा."

आज फलटण, वडूज आणि सांगलीत मिळून अकरा पडव्यांतून काचा घासल्या जात आहेत. त्या घासणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी हुसेनभाईंना पाहिलेलेही नाही. ही गोष्ट मी हुसेनभाईंना सांगितली, तेव्हा ते लाजून हसले आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा चष्मा पुसू लागले.

हुसेनभाई आता साठीचे झाले आहेत. त्यांना भरपूर आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. आणि ते जे निळे पाहतात, ते आम्हाला सांगायला पुढची अनेक वर्षे दर रविवारी त्यांना सवड मिळो.