पासवर्ड समोरच्या बाईंकडे

आमच्या इमारतीत चोरी होऊ शकत नाही. हे मी वॉचमनच्या भरवशावर म्हणत नाही. तो दुपारी झोपतो हे सेक्टरमधल्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे. चोरी होऊ शकत नाही, कारण आमच्या इमारतीत उघडण्यासारखं जे जे काही आहे, मग ते दार असो, गच्चीचं कुलूप असो की कुणाचा ईमेल, ते समोरच्या बाईंना विचारल्याशिवाय उघडतच नाही. चोराला आधी बाईंची बेल वाजवावी लागेल. बाई चष्मा लावून दार उघडतील, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतील आणि म्हणतील, "सही करा." तिथेच त्याचा धंदा बसेल.

बाई म्हणजे आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या. मूळच्या चंद्रपूरकडच्या, एकट्याच. एका कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या. सकाळी बुद्धवंदना, मग दूध, मग पेपर, मग इमारत, असा त्यांचा दिवसाचा क्रम असतो. इमारत म्हणजे आम्ही. लहान पोरांनाही त्या 'अहो' म्हणतात, त्यामुळे पोरं त्यांना जास्त घाबरतात. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने त्यांना शाल आणि घड्याळ देऊ केलं, तर बाईंनी घड्याळ परत करून त्याऐवजी कॅटलॉगचा एक लाकडी खण मागून घेतला. कॅटलॉग कॉम्प्युटरवर गेल्यामुळे कार्डांचं कपाट भंगारात निघालं होतं. खण घरी आला, पण रिकामा खण बाईंना बघवेना, म्हणून त्यांनी तो भरायला घेतला. सुरुवात आमच्यापासून झाली.

तेव्हा आम्ही दोघं नोकरीवर जाताना घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवायचो. एक दिवस मुलगी शाळेतून आली तर पायपुसण्याखाली किल्लीऐवजी चिठ्ठी: 'किल्ली समोर आहे. सही करून नेणे.' ती तिसरीत होती. आयुष्यातली पहिली सही तिने बाईंच्या कार्डावर केली, आणि आजही तिची सही तशीच आहे, शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं. वर्षभरात एकोणीस घरांच्या किल्ल्या बाईंच्या पॅसेजमधल्या फळीवर आल्या, शिवाय मीटरच्या खोलीची, गच्चीची आणि कोपऱ्यावरच्या विहाराची. प्रत्येक किल्लीला ग्रंथालयातल्या पुस्तकासारखा दाखल अंक, प्रत्येक अंकाचं खणात एक कार्ड, कार्डावर नेल्याची वेळ, आणल्याची वेळ आणि सही. ऑफिसातून उशिरा सुटलो असं घरी सांगणाऱ्या दोघा-तिघांची या कार्डांमुळे पंचाईत झाली, पण किल्ली कधी एकही हरवली नाही.

किल्ल्यांवरून बाई पासवर्डवर आल्या त्या तळमजल्यावरच्या काकांमुळे. काका फोनवरून गॅस नोंदवायला लागले होते. पासवर्ड विसरला की ते पुण्याच्या मुलाला फोन लावायचे आणि पुणे लांब असल्यामुळे ओरडून बोलायचे. "कॅपिटल एस! अरे मोठा एस! पुढे तुझ्या आईचं नाव! मग एक दोन तीन!" आठवडाभरात चौथ्या मजल्यावरची पोरं तो पासवर्ड चालीत म्हणत जिना उतरू लागली. बाई खाली गेल्या. काकांच्या हातातला फोन घेऊन त्यांनी मुलाला "नंतर बोला" म्हणून सांगितलं, पासवर्ड बदलायला लावला, नवा पासवर्ड दाखल अंक टाकून कार्डावर उतरवून घेतला आणि म्हणाल्या, "विसरलात की वर या. ओरडू नका." ही सोय इतकी सुखाची होती की पाहता पाहता सगळेच विसरायला लागले. माणसाला लक्षात ठेवायचं नसलं की निमित्त पुरतं. आम्हाला तर बाई मिळाल्या होत्या.

मात्र पासवर्ड देणं आणि मिळणं यांत फरक होता. एकदा मी नवा फोन घेतला आणि ऑफिसात बसल्या बसल्या त्यावर माझा ईमेल उघडेना. साहेब समोर उभे, कागद ईमेलमध्ये. मी बाईंना फोन केला.

"दाखल अंक सत्तेचाळीस, बाई. जरा घाईत आहे."

"आवाज कुणीही काढतं," बाई म्हणाल्या.

"अहो, मी आहे. समोरचा."

"समोरचे असाल तर सांगा, गेल्या महिन्यात माझ्याकडून काय नेलंत?"

मी आठवलं. "पातेलं. खिरीसाठी."

"परत काय आणलंत?"

"पातेलं."

"आणि झाकण?"

झाकण आमच्या ओट्याखाली होतं आणि ते बाईंचं आहे हे मला त्या क्षणी कळत होतं. "राहिलं, बाई. आज संध्याकाळी देतो."

"म्हणजे तुम्हीच आहात," म्हणून बाईंनी पासवर्ड एकेक अक्षर सुटं करून सांगितला. झाकण अर्थातच त्या संध्याकाळी दिलं गेलं नाही.

बाईंच्या कारभाराला धक्का दिला तो माझ्या मुलीने. ती आता कॉलेजात होती. तिने एका रविवारी बाईंना त्यांच्याच फोनच्या सेटिंग्जमध्ये नेऊन दाखवलं की सगळे पासवर्ड फोन स्वतःच जपून ठेवतो, हवा तो नावाने शोधायचा, शेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबलं की तो दिसतो, कार्डं लागत नाहीत. बाईंनी नमुन्यादाखल मुलीचा फोन तपासला. मग म्हणाल्या, "म्हणजे सगळ्या किल्ल्या एका डब्यात, आणि डब्याची किल्ली फोनच्या कुलपाला?"

"हो. अंगठा लावला की उघडतं. तुमचाही लावू या ना."

बाईंनी फोन खाली ठेवला. "माझ्या आईने जन्मभर अंगठाच लावला," त्या म्हणाल्या. "रेशनला अंगठा, दवाखान्यात अंगठा, माझ्या शाळेच्या दाखल्यावर अंगठा. मी शिकले ते सही करायला. फोनला सही चालत असेल तर सांगा." फोनला सही चालत नव्हती. मुलीने घरी येऊन हे मला सांगितलं. इतकी वर्षं आम्ही त्या सह्यांची टिंगल करत होतो.

पण बाई शिकायचं थांबवणाऱ्यांतल्या नव्हत्या. अंगठा सोडून बाकी सगळं त्यांनी पंधरा दिवसांत आत्मसात केलं आणि इमारतीच्या फोनांची साठा पडताळणी जाहीर केली, ग्रंथालयात दर उन्हाळ्यात करायच्या तशी. दर रविवारी अकरा ते एक लोक आपापले फोन घेऊन जिन्यात रांगेने बसू लागले. माझ्या फोनमध्ये एकशे तेरा पासवर्ड निघाले, त्यातले सात एकाच ठिकाणचे. "एका पुस्तकाच्या सात प्रती," बाई म्हणाल्या, "त्यातल्या सहा फाटक्या. बाद करा." कधी काळी एकदाच केक मागवलेल्या, आता बंद पडलेल्या दुकानाचाही पासवर्ड त्यांनी बाद केला. नको ते काढणं, जुन्याच्या जागी नवा जपणं, एकच पासवर्ड चार ठिकाणी असेल तर चारही वेगळे करणं, हे सगळं त्या माझ्याकडून करवून घेत होत्या आणि मी चाळीशी उलटलेला माणूस मान खाली घालून करत होतो. एके ठिकाणी फोनने 'तुमचा पासवर्ड कमकुवत आहे' असा शेरा दिला. तो बाईंनीच सुचवलेला होता. बाईंनी शेरा दोनदा वाचला, फोन मला परत दिला आणि त्या रविवारची पडताळणी बाराला संपवली.

बाईंची खरी थोरवी मला कळली ती दुसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोच्या वेळी. त्या दोघांचं भांडण झालं होतं आणि तीन महिने बोलणं बंद होतं. रांगेत सुद्धा दोघं वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसली. त्याच्या फोनमध्ये पासवर्ड म्हणून सगळीकडे तिचं माहेरचं नाव होतं आणि तिच्या फोनमध्ये सगळीकडे त्याचं लाडकं नाव. इमारतीत ही बातमी फक्त बाईंकडे होती. दुसरं कुणी असतं तर दुपारपर्यंत ती गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोचली असती. बाईंनी त्याला आणि मग तिला, वेगवेगळं बोलावून एवढंच सांगितलं, "तुमचा पासवर्ड फार सोपा आहे. तुमच्या घरातलं कुणीही ओळखेल." चारच दिवसांनी दोघं भाजी आणायला एकत्र गेली. हे मला पुष्कळ दिवसांनी त्या नवऱ्यानेच सांगितलं. बाईंनी आजवर सांगितलेलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही, आणि ती आठवली की मला अजून वाईट वाटतं. एकोणीस घरांच्या किल्ल्या बाईंकडे होत्या. बाईंची किल्ली कुणाकडेच नव्हती. माझ्या बायकोने एकदा विचारलं होतं, तेव्हा बाई "बघू" म्हणाल्या, आणि आम्ही ते बघितलं नाही. त्यांच्या फोनमध्ये त्यांचा स्वतःचा एकही पासवर्ड जपलेला नव्हता. सगळे त्यांच्या डोक्यात होते.

मागच्या वर्षी एका शनिवारी अकराच्या सुमाराला बायको दारात गेली आणि तशीच परत आली. "बाईंची दुधाची पिशवी अजून कडीला लटकतेय रे." आम्ही बेल वाजवली. फोन केला, तर तो आत वाजत राहिला. दहा मिनिटांत सगळी इमारत जिन्यात जमली. प्रत्येक जण आधी आपल्या खिशाला हात लावत होता आणि मग एकमेकांकडे बघत होता. तेवढ्यात दाराच्या अगदी खालून आवाज आला.

"पडलेय. घाबरू नका. दार लाथेने तोडू नका, सुतार बोलवा."

सुतार आला. बाई आतून सूचना देत होत्या: कडी लावलेली नाही, फक्त लॅच आहे, पटाशी खालच्या अंगाने घाला, आणि आत येताना चपला काढा. दार उघडलं तेव्हा बाई पॅसेजमध्ये आडव्या होत्या, पाय दुमडलेला, चष्मा फुटलेला. सकाळी सहापासून त्या तशाच होत्या. त्यांनी हाका मारल्या होत्या, पण आमच्या घरात मिक्सर चालला होता आणि टीव्ही. त्यांच्या डोक्यावर फळी होती आणि फळीवर आम्हा सगळ्यांच्या किल्ल्या, ओळीने. मला इतकी लाज आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना त्यांच्या चालू गोळ्यांची यादी हवी होती. यादी फोनमध्ये, नागपूरच्या भावाचा नंबर फोनमध्ये, आणि फोन कुलूपबंद. बाईंनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मला जवळ बोलावलं. चष्म्याशिवाय त्यांना माणूस नुसता धूसर दिसतो.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी, बाई. समोरचा."

"झाकण?"

"ओट्याखाली आहे," मी म्हणालो. "डाव्या बाजूला, बाई. उद्या देतो."

"बरं. तुम्हीच आहात," म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि फोनचे सहा आकडे मला सांगितले, एकेक सुटा करून. ते आकडे मी बायकोलाही सांगितलेले नाहीत आणि इथे तर लिहिणारच नाही.

खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. पण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि बाईंचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर. त्यांचा धाकटा भाऊ आला आणि बहिणीला नागपूरला घेऊन जायचं ठरलं, पाय सुधारेपर्यंत. आवराआवर करायला बाईंना खुर्चीत बसवून वर आणलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. किल्ल्यांची फळी आमच्या पॅसेजमध्ये लावायला दिली, कार्डांचा खण दिला. मग नव्या लॅचची एक किल्ली टेबलावर ठेवली आणि तिचं कार्ड पुढे केलं. नावाच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव होतं, त्यांच्या त्या सरळ, उभ्या अक्षरात.

"सही करा."

मी केली. 'परत केल्याची तारीख' हा रकाना मोकळा होता. मी विचारलं, "इथे काय लिहू?"

"ते राहू द्या मोकळं," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

आता दर रविवारी मी बाईंचं घर उघडतो, खिडक्या उघडतो-लावतो, बुद्धमूर्तीवरची धूळ पुसतो आणि कार्डावर माझी सही करून किल्ली जागेवर लटकवतो. पाय सुधारतोय असं त्या फोनवर प्रत्येक वेळी सांगतात, आणि मी प्रत्येक वेळी जिन्याचा विषय टाळतो, कारण पायऱ्या किती आहेत ते त्यांना पाठ आहे. इमारतीतल्या सगळ्यांचे पासवर्ड आता आपापल्या फोनमध्ये नीट लावलेले आहेत, बाईंनीच लावून दिलेले. डोळ्याचं चिन्ह दाबलं की दिसतात. तरीही तळमजल्यावरचे काका गॅस संपला की नागपूरला फोन करतात, दुसऱ्या मजल्यावरची दोघं करतात, मीही करतो. दाखल अंक सत्तेचाळीस, बाई, जरा विसरलो. पलीकडून बाई विचारतात, "झाकण?"

बायकोने ते घासूनपुसून दोनदा त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं होतं. मी दोन्ही वेळा परत आणून ओट्याखाली सरकवलं, डाव्या बाजूला. ते परत केलं, तर इतक्या लांबून बाई मला ओळखणार कशा?