साळवे सरांनी बनवलेली शिवी

"म्याडम, तुमी आत्ता काय वाजवलं?"

सकाळचे सात वाजून गेले होते. फोनवर बालाजी होता, चौसाळ्याच्या आतल्या बाजूला एक गाव आहे तिथल्या दूध संकलन केंद्राचा सचिव. हा माणूस एरवी हसल्याशिवाय वाक्य पुरं करत नाही. त्या दिवशी हसत नव्हता.

"नव्या मालिकेचा प्रोमो लावला. का रे?"

"इथं रांगेतली सात म्हातारी मानसं पळाली."

"पळाली म्हणजे?"

"म्हंजी पळाली. क्यान टाकून. दूध सांडलं तरी मागं बगितलं न्हाई. एका म्हातारीनं तर चपला जागीच सोडल्या. आता समदी रस्त्यापल्याड लिंबाखाली हुबी हायत. कावून पळालात म्हनलं, तर कुनी बोलना."

"तरुण माणसं?"

"ती हितंच हायत. त्यांना काय झालं न्हाई. पोरं हसायलीत."

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी दूध संघाच्या रेडिओ केंद्रावर कार्यक्रम अधिकारी होते. केंद्र छोटं. पन्नासेक गावांत ऐकू जायचं. संघाच्या इमारतीत एक जुनी शीतखोली होती. तिच्या भिंती जाड, बाहेरचा आवाज आत येत नाही, म्हणून तिचाच स्टुडिओ केला होता. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता. जनावरं छावणीत गेली होती, दूध निम्म्यावर आलं होतं. संघाच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी मला बोलावून सांगितलं, "पाणी वाचवा, पाणी वाचवा, असली भाषणं आता कुनी ऐकत न्हाई. गोष्ट लावा एखादी."

गोष्ट लिहायला मी साळवे सरांना धरलं. सर तलवाड्याला राहायचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. वय बेचाळीस-त्रेचाळीस. त्यांनी तेरा भागांची विज्ञानकथा लिहिली. खूप पुढचा काळ आहे. पृथ्वीवर पाऊस पडत नाही. आकाशातून टँकर येतात, त्यांचे ड्रायव्हर पाण्याच्या खेपांवरून एकमेकांशी भांडतात.

अडचण इथंच आली. भांडणारी माणसं एकमेकांना "अहो, आपलं चुकतंय" असं म्हणत नाहीत. शिव्या देतात. रेडिओवर शिवी चालत नाही, हा नियम. पण नियम नसता तरी मी आपल्या शिव्या लावल्या नसत्या. आपली शिवी एकतर आई-बहिणीवर जाते, नाहीतर जातीवर. छप्पन साली माझ्या आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्याआधी आणि त्यानंतरही आमच्या घरानं त्या ऐकलेल्याच आहेत. मला त्या पुन्हा माइकसमोर नको होत्या.

मी सरांना म्हणाले, "नव्या बनवा. कुणाच्या आईला लागणार नाहीत अशा."

सर खुश झाले. आठ दिवसांत अकरा शिव्यांची यादी घेऊन आले. थेंबखाऊ, म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी पिणारा. फुटटाकी, म्हणजे ज्याच्या पोटात काही राहत नाही असा. सगळ्यात खाली एकच शब्द होता: हुडंब.

"याचा अर्थ?" मी विचारलं.

"अर्थ नाही. म्हणून तर ती सगळ्यात वाईट शिवी आहे."

"सुचली कुठून?"

"बसल्या बसल्या. कानालाच आली."

विज्ञानकथेतली शिवी बनवणं दिसतं तितकं सोपं नसतं. शब्द तोंडात बसला पाहिजे, रागात फेकता आला पाहिजे. आणि तो कुठल्याही समाजाचं, देवाचं, गावाचं नाव निघता कामा नये. म्हणून मी यादी घेऊन संघात फिरले. ऑफिस, प्रयोगशाळा, ड्रायव्हर लोक, सगळ्यांना शब्द ऐकवले. हुडंबला कुणाची हरकत नव्हती. उलट तोच सगळ्यांना आवडला. आता मागे पाहते तेव्हा लक्षात येतं, मी विचारलेल्या माणसांत पन्नाशीपुढचं एकही नव्हतं.

मुख्य ड्रायव्हरचं काम रफिकला दिलं. रफिक खराच टँकर चालवायचा, आवाज भरदार. प्रोमो म्हणजे मालिकेची अर्ध्या मिनिटाची जाहिरात. त्यात तो रिकाम्या टाकीच्या तोंडाशी उभा राहून शत्रूला ही शिवी घालतो, एवढंच होतं. रफिकनं पहिला टेक दिला. सरांनी मान हलवली.

"असं नाही. लांबवायचं. हुडंऽऽऽब. आणि तीनदा."

त्यांनी स्वतः करून दाखवलं. काचेच्या अलीकडे बसलेल्या माझ्या मानेवर काटा आला. एरवी सर हळू बोलणारे. तो आवाज त्यांचा वाटलाच नाही.

"आणि तिसऱ्यानंतर दहा सेकंद शांतता ठेवा," सर म्हणाले.

"सर, रेडिओवर दहा सेकंद काही वाजलं नाही तर लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं."

"दहाच पाहिजेत."

"का पण?"

त्यांना सांगता येईना. शेवटी दहा ठेवले. तोच प्रोमो त्या सकाळी वाजला आणि सात माणसं पळाली.

अण्णांना कळवलं. ते म्हणाले, "उन्हाचं झालं असंल. तरी जाऊन या. आन त्यो परोमो बंद ठेवा तवर."

दुसऱ्या दिवशी शाळेची सुट्टी होती, सरही बरोबर आले. बालाजीनं आम्हाला त्या सातांपैकी चौघांच्या घरी नेलं. पहिला म्हातारा म्हणाला, "काय न्हाई, पाय वळला." दुसऱ्यानं आम्हाला पाहून दार लोटून घेतलं. तिसऱ्या घरी मी तो शब्द हळूच उच्चारला. ओट्यावर बसलेल्या दोघी उठून उभ्या राहिल्या. एकीनं पदर खोचला, पळायच्या आधी बाई खोचते तसा. मग मला म्हणाली, "पुन्ना घिऊ नगं."

बोलली ती चौथी, सोनाबाई. चपला सोडून पळाली होती ती हीच. तिनं आमच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "चला, दावते."

गावाबाहेर अर्धा कोस चाललो. दुपारचं ऊन, झाडाला पान नाही. एका पडक्या विहिरीपाशी ती थांबली. आत वेडी बाभूळ माजली होती. तळ दिसत नव्हता.

"बहात्तरच्या दुकाळात ही विहीर खनायचं काम निगालतं," सोनाबाई म्हणाली. "आमी समदी हितं कामाला. खाली खडक लागला म्हून सुरुंगाचे बार उडवायचे. बारवाला परमुलखातला व्हता. त्याची बोली आमाला समजत नव्हती. वात लावून वर आला की हाक द्यायचा. तीच हाक, तुमी वाजवली ती. तीनदा. तिसरी झाली की आमी पळत पळत मनात धा मोजायचो. धा झाले की बार."

मी सरांकडे पाहिलं. ते विहिरीकडे बघत होते.

"त्या दिशी दुपारची येळ. हाक आली. एक, दोन, तीन. टोपल्या टाकल्या आन पळालो. धा मोजले. बार उडाला. धुरळा खाली बसल्यावर मानसं मोजली. बारवाला न्हाई. त्यो आन आनखी चौघं खालीच व्हते. त्यो वर आलाच नव्हता."

"मग हाक कुणी दिली?"

"त्येच तर कळालं न्हाई, बाई."

मी म्हणाले, "त्यानंच खालून दिली असेल. काहीतरी बिघडलं हे दिसलं असेल त्याला."

सोनाबाईनं मान हलवली. "खालून आलेली हाक येगळी. ती विहिरीच्या पोटातून येती. ही आमच्या पाठीमागनं आली. तिकडनं, बांधावरच्या बाभळीकडनं."

"तिथं कोण होतं?"

"कुनी न्हाई. एक झोळी टांगलेली व्हती, लेकराची."

मग साळवे सरांनी विचारलं, "मावशी, बहात्तरला माझी आई माहेरी होती, असं ऐकलंय. तिचं माहेर इथून दोन कोसांवर. ती या कामावर होती का?"

"कुनाचा तू?"

"तलवाड्याच्या साळव्यांचा. आईचं नाव गयाबाई."

सोनाबाई दोन पावलं मागे सरली. तिनं सरांचा चेहरा खालपासून वरपर्यंत पाहिला. मग हळूच म्हणाली, "मंग तूच झोळीतला."

पुढे ती "मायला इचार," एवढंच म्हणाली आणि गावाकडे चालायला लागली. विहिरीकडे पाठ करताना ती आडवी चालत होती, एक डोळा मागे ठेवून.

तिथून आम्ही थेट तलवाड्याला गेलो. घरी गयाबाई दारातच सावलीला बसून डाळ निवडत होत्या. सरांनी समोर बसून सरळ विचारलं, "माय, हुडंब म्हणजे काय?"

ताटातली बोटं थांबली.

"कुनी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. मला सुचलं. गोष्टीत शिवी पाहिजे होती."

"शिवी?" गयाबाईंचा आवाज चिरकला. "ती शिवी न्हाई रं. त्या हाकेनं पंधरा-वीस मानसं वाचली. मी वाचले."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या, मुलाकडे नाही.

"झोळी हाताच्या अंतरावर व्हती. हाक आली आन मी पळाले. लेकराला घेतलं न्हाई. इसरले म्हनू का भ्याले म्हनू, मलाच उमगत न्हाई. धा मोजले तवा ध्यानात आलं, हात मोकळे हायत. आन बार उडाला."

"पण परत आली होतीस ना," सर म्हणाले.

"आले व्हते. पन धुरळा बसल्यावर."

सरांनी खाली पाहिलं.

"झोळीत बोटभर माती पडली व्हती. तू रडत नव्हतास. डोळे उगडे. तवर तुला एक शब्द येत नव्हता बाबा, माय सुदिक म्हनत नव्हतास. आन त्या झोळीत तू तेच म्हनत व्हतास. हुडंब, हुडंब. बारीक आवाजात. थांबंनास."

"आधीपासून बारीकच होता का आवाज?" मी न राहवून विचारलं.

गयाबाईंनी डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मी आले तवा बारीक व्हता," त्या म्हणाल्या. "आदीचं मला इचारू नका."

मग त्या सरांकडे वळल्या. "मी तुला मारलं. तोंडावर मारलं. जलमात एकदाच. पुन्ना तू त्यो शब्द काढला न्हाईस. सालभर काहीच बोलला न्हाईस."

सरांनी ताट बाजूला सारलं आणि आईचा हात हातात घेतला. मी उठून अंगणात गेले. सूर्य अजून वर होता, गल्लीत टँकरची रांग लागत होती, बाया घागरी मांडत होत्या. सगळं नेहमीसारखं होतं.

सोमवारी अण्णांच्या केबिनमध्ये गेले.

"शब्द काढावा लागेल. तेराही भागांतून."

"कावून? उन्हाचंच व्हतं ना?"

मी घडलेलं सांगितलं. अण्णा संपूर्ण ऐकून घेत नाहीत कुणाचं. माझं ऐकलं. शेवटी म्हणाले, "लेकराच्या आवाजाला कोन पळतंय, म्याडम?"

"तेच मलाही वाटतं."

"मंग कुनाचा व्हता?"

"माहीत नाही, अण्णा."

त्यांनी पंखा बंद केला, पुन्हा लावला. "काढा," म्हणाले. "आन त्या टेपा कपाटात ठिऊ नका. पुसा."

पुन्हा रेकॉर्डिंग करायला बारा दिवस गेले. रफिक कुरकुरला, त्याला तो शब्द फार आवडला होता. कारण सांगितलं तेव्हापासून टँकर त्या विहिरीवरच्या रस्त्यानं न्यायचा त्यानं बंद केला. हुडंबच्या जागी थेंबखाऊ घातला. मालिका चालली. पाणवठ्यावर भांडणात बाया एकमेकींना थेंबखाऊ म्हणायला लागल्या, तेव्हा अण्णांनी त्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं.

ती हाक कुठल्या भाषेतली, हे मी पुष्कळांना विचारलं. सुरुंगाचं काम करणाऱ्या तीन जुन्या माणसांना विचारलं. तिघांनीही कधी ऐकली नव्हती. बारवाल्याचं नावही कुणाला आठवत नव्हतं. सोनाबाईच्या गावात मात्र एक फरक पडला. बालाजीनं सांगितलं, चाळीस वर्षांत जी माणसं त्या दिवसावर बोलली नव्हती ती लिंबाखाली बसून बोलायला लागली. गयाबाईही एकदा जाऊन आल्या. सर घेऊन गेले होते.

साळवे सरांनी पुढे आणखी दोन मालिका लिहिल्या. नवे शब्द पुष्कळ बनवले. प्रत्येक यादी ते आधी आईला वाचून दाखवायचे.

मीही माझी कामाची पद्धत बदलली. लेखक म्हणाला की हा शब्द माझ्याच डोक्यातून आला, त्याला अर्थ नाही, तर मी वाद घालत नाही. चहा मागवते आणि त्याचं बालपण कुठे गेलं, तेवढं विचारून घेते.