हिरवळीवरच्या दोन पाट्या

रिया, लग्नानंतर मी वसईहून निघाले तेव्हा माझ्या वडिलांनी बॅग फाटकापाशी खाली ठेवली आणि म्हणाले, "परक्या देशात पाहुणी म्हणून जातेस. तिथल्या राजकारणात तोंड घालू नकोस." बहारीनमध्ये मी ते काटेकोर पाळलं. उम्म अल हस्सम भागातल्या या फ्लॅटमध्ये शेजारच्या, मूळ रत्नागिरीच्या झुबेदाभाभींपासून सगळे जेवायला बसत, आणि गप्पा रजेच्या, व्हिसाच्या. कोणी त्यापुढे गेलंच, तर भाभी "खलास", म्हणजे इथल्या अरबीत "पुरे", म्हणत भात वाढायच्या.

म्हणून तुमच्या बाबाने अमेरिकेत मतदान करून शर्टावरच्या स्टिकरचा फोटो पाठवला, तेव्हा मी तो फ्रिजवर लावला. वसई सुटल्यापासून आमच्यापैकी पहिल्यांदाच कोणाला राहत्या ठिकाणी मत होतं.

टेक्ससमधल्या तुमच्या गल्लीत पहिल्यांदा आले, तेव्हा घरोघरच्या हिरवळीवर एकाच पक्षाच्या प्रचाराच्या पाट्या होत्या. पुढच्या खेपेला शाळेकडच्या घरांसमोर दुसऱ्या पक्षाच्या दिसल्या. गेल्या निवडणुकीत तर शेजाऱ्याची एक, पलीकडच्याची दुसरी. त्याला माझी हरकत नाही. शहरं बदलतात. पण तुमच्या एकाच हिरवळीवर दोन पाट्या होत्या, ड्राइव्हवेच्या डावीकडे बाबाची, उजवीकडे तुझ्या भावाची, नीलची. आणि नील ताट घेऊन आपल्या खोलीत जायचा.

रविवारी चर्चची मंडळी जेवायला येणार होती. मी घर आवरलं, चपला ओळीत लावल्या आणि दोन्ही पाट्या उपटून गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशीनमागे ठेवल्या.

"आई, तुला इथलं काही कळत नाही," बाबा म्हणाला.

"आजी, दॅट्स माय व्हॉइस," नील म्हणाला.

त्या मुक्कामात दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं. एकच हातोडा घेऊन दोघे बाहेर गेले, आळीपाळीने पाट्या ठोकल्या आणि वेगवेगळ्या दारांनी आत आले. खिडकीतून बघताना मला रडू आलं नाही, संताप आला. अजून येतो.

आता नील मित्राकडे राहतो. बाबा येणार असेल तर नाताळला बहारीनला येणार नाही म्हणतो. बाबाचंही तेच. मी इथे तुमच्या आत्याच्या व्हिसावर आहे, आणि तिचं हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट येत्या उन्हाळ्यात संपतंय. या फ्लॅटमधला हा शेवटचा नाताळ.

रिया, हे नीलला वाचून दाखव. त्याला मराठी कळतं, वाचता येत नाही. त्याला सांग, आम्ही इथे गप्प राहून एकत्र जेवलो, कारण आम्ही पाहुणे होतो. तुम्ही तिथे पाहुणे नाही. गप्प बसा असं मी म्हणणार नाही, पाट्यांनाही पुन्हा हात लावणार नाही.

वसई सुटली, हा फ्लॅट सुटेल, तुमची गल्ली माझी नाही. घर म्हणून माझ्याकडे हे जेवणाचं टेबल उरलंय. नाताळला बाबाचं आणि नीलचं ताट समोरासमोर मांडणार आहे. मी आपले वसईचे मैद्याचे फुगे तळत असेन, तोवर हवं तेवढं भांडा. ताट उचलून खोलीत मात्र कोणी जायचं नाही.