ज्याच्या हातून गेला, त्यानं आणायचा

आमच्या कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान कातळावर होतं, आणि कातळ संपला की थेट उतार. खाली काजूची झाडं आणि करवंदीच्या जाळ्या. कुंपण नव्हतं. चेंडू एकदा मैदानाबाहेर गेला की थांबायचं नाव नाही, कुणी हाक मारल्यासारखा खाली धावत सुटायचा. म्हणून तिथे एक कायदा होता, माझ्याही आधीपासूनचा: ज्याच्या हातून गेला, त्यानं आणायचा. चेंडू आता कुठल्या संघाचा, कुणी टाकायचा, ते सगळं नंतर. आधी खाली उतरा, काटे खा, चेंडू घेऊन वर या. तोवर बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे. ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं मी त्या उतारावर जेवढी चढउतार केली, तेवढी रत्नागिरीतल्या बकऱ्यांनीही केली नसेल.

खेळाच्या ओढीने मी तिथे गेले नव्हते. रागाने गेले होते. मी ताडमाड वाढलेली. वडील मालवाहू बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचे आणि येताना दारात डोकं आपटायचे. उंची त्यांची, आणि बोलणी मात्र मला. रस्त्याने निघाले की पोरं विचारायची, "काय गो, वरती हवा कशी आहे?" घरी आई म्हणायची, "जरा वाकून उभी राहा." पाहुणे आले, वाकून उभी राहा. देवळात, फोटो काढताना, मावशीच्या लग्नात, सगळीकडे वाकून. वाकून वाकून माझे खांदे पुढे आले होते.

कॉलेजात मुलींचा संघ जेमतेम जमत होता. खेळाचे सर कोल्हापूरकडचे, माझ्या खांद्याला लागतील एवढे. त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "अगं, एवढी उंच पोरगी आणि अशी पोक काढून चालतीस? उद्यापासून मैदानावर ये."

"मला खेळता येत नाही."

"खेळू नकोस. रिंगखाली उभी राहा. कुणी बास्केट करायला आलं तर करू द्यायची नाही. एवढं जमेल का नाही?"

तेवढं जमलं. पहिल्याच संध्याकाळी एक मुलगी धावत आली, चेंडू वर टाकला, आणि मी त्याला अशी थप्पड मारली की तो मैदान ओलांडून काजूत. सगळे ओरडले, टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उंचीवर कुणी टाळ्या वाजवल्या होत्या. मग सर म्हणाले, "छान. आता जा आणि घेऊन ये." खाली उतरले, पाय ओरबाडून घेतले, वर आले. पुन्हा कुणी आलं, पुन्हा थप्पड, पुन्हा उतार. हवा कशी आहे विचारणारा प्रत्येक जण मला त्या चेंडूत दिसत होता.

उताराचा मला फायदाच झाला म्हणा. वर्षभरात मांड्या अशा घट्ट झाल्या की मी उभ्या जागेवरून रिंगची जाळी हलवू लागले. पण उडी मारता येणं वेगळं आणि अडवता येणं वेगळं. मी हुलकावणीला हमखास फसायचे. समोरचीने नुसते खांदे उचलले की मी हवेत, आणि मी खाली येईपर्यंत तिची बास्केट झालेली. सर डोकं धरून बसायचे. "चेंडूकडं काय बघतीस? चेंडू खोटं बोलतो. तिच्या कमरेकडं बघ. कंबर उचलल्याशिवाय कुणाला उडता येत नाही." आणि दुसरं म्हणजे, "हात सरळ वर. पुढं झुकलीस की फाउल. वाकायचं नाही म्हणजे नाही!"

घरी वाक, इथे वाकू नको. मी दोन्ही ऐकत होते. पण मैदानावर ताठ उभं राहायला लागल्यापासून घरी वाकणं मला जमेनासं झालं.

मुलींना मैदान मिळायचं ते मुलांचं झाल्यावर, दिवस कलताना. एकटी परत कशी येणार, म्हणून आई यायची. उताराच्या कडेला जांभ्याच्या एका चिऱ्यावर बसून अबोलीचे गजरे करत राहायची. खेळाकडे ती बघते असं मला कधी वाटलं नाही. बघायची ती माझ्या गुडघ्यांकडे. "मेले, उद्या बघायला आलेल्यांना हे ओरखडे दाखवणार काय?" हे तिचं रोजचं.

आता मुद्द्याचं सांगते. त्या काळी बास्केटबॉल खेळून कुणाला पैसे मिळत नसत. मिळायची ती नोकरी. मुंबईतली मोठाली सरकारी खाती आपले संघ ठेवायची, खेळाडूंना कारकुनीची जागा द्यायची. सकाळी कचेरी, दुपारनंतर सराव. आमच्याकडचे पुरुष मुंबईला जायचे ते खानावळीत जेवून आणि दाटीवाटीने राहून. एखादी मुलगी स्वतःच्या नावाच्या खुर्चीवर बसायला मुंबईला जाते, हे ऐकिवात नव्हतं. सरांनी ते माझ्या डोक्यात भरवलं आणि मग काही केल्या ते निघेना. मला ती खुर्ची हवी होती. नाहीतर पदवी झाल्यावर काय वाट्याला येणार ते दिसतच होतं: वाकून उभं राहायचं ते जन्मभर.

दुसऱ्या वर्षाला असताना सर मला मुंबईला अशाच एका खात्याच्या निवडीला घेऊन गेले. तिथलं मैदान सिमेंटचं, आखीव. सामना लावला. मी सुरुवातीलाच एक चेंडू अडवला. आपल्या नेहमीच्या थपडेने. तो बाहेर, थेट लाकडी बाकांच्या खाली. आणि मी?

मी आणायला गेले!

कुणी सांगायची गरजच नव्हती. पाय आपले आपण निघाले. बाकांच्या खाली ओणवी होऊन मी चेंडू शोधतेय, आणि इकडे पंचांनी दुसरा चेंडू दिला, समोरच्यांनी तो आत टाकला आणि मोकळ्या रिंगमध्ये निवांत बास्केट केली. मी चेंडू छातीशी धरून उभी राहिले तेव्हा सगळं मैदान हसत होतं. बरं, एकदा झालं तर समजण्यासारखं. थोड्या वेळाने पुन्हा तेच! या खेपेला माझ्याच संघातली एक ओरडली, "अगं बाई, कुठे चाललीस?" मी भर मैदानावर तिला ऐकवलं, "माझ्या हातून गेलाय, मग तू आणणार काय?" माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली होती.

निवड करणाऱ्या बाई जुन्या खेळाडू होत्या, आवाज फाटका. त्यांनी मला शेवटी बोलावलं. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "तुझ्यासारखी उडी इथे कुणाचीच नाही. पण तू अडवलेला चेंडू बाहेर गेला म्हणजे तो परत त्यांचाच. टाळ्या तुला आणि चेंडू त्यांना. त्यात तू जागा सोडून पळतेस. अडवायचा तो आपल्या माणसाच्या हातात पडेल असा. पुढच्या वर्षी ये."

येताना हातखंब्याला एसटी रत्नागिरीकडे वळली तशी मी सरांना म्हटलं, "बोटांनी कसा अडवायचा ते शिकवा." सर म्हणाले, "मला तरी कुठं येतंय? दोघं मिळून शिकू."

घरी सगळं सांगितल्यावर आईने मुदत दिली. "एक वर्ष. पदवीची परीक्षा होईपर्यंत. मग मी म्हणेन तिथे." ती मोकळं बोलली हे बरंच झालं.

त्या वर्षी मी काय केलं ते विचारू नका. सरांनी रिंगखाली चुन्याच्या फक्कीने एक गोल आखला. अडवलेला चेंडू त्या गोलात पडला पाहिजे. थप्पड बंद. हाताचा जोर खांद्यातून येतो, तो तिथेच थांबवायचा आणि फक्त बोटं पुढे करायची, झोपलेल्या पोराला थोपटावं तशी. ऐकायला सोपं आहे. माझ्यासारख्या तापट बाईला थोपटायला सांगणं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांना विचारा. घरी मी मागच्या चिऱ्यांच्या भिंतीवर चेंडू टाकायचे आणि परत येताना बोटांनी वरच्या वर झेलायचे. भिंतीचा आवाज ऐकून शेजारीण म्हणायची, "तुम्ही काय घर पाडताय काय?" आई म्हणायची, "नाही गो, मुलगी घडवतोय." हे टोमण्यानेच, बरं का.

हळूहळू चेंडू गोलात पडू लागला. उतारावर जाणं कमी झालं. माझ्या नडग्यांवरचे ओरखडे सुकले, हे आईनेच आधी पाहिलं.

आणि मग राजापूरचं स्थळ आलं. मुदत संपायच्या आधी, पण आईला चांगलं स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. आंब्या-काजूचा व्यापार, घर बरं. मी पोहे घेऊन आले. मुलगा बसलेला होता तोवर ठीक होतं. मग त्याची आत्या म्हणाली, दोघांना जरा शेजारी उभं करू या. आईने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला पाठ होती: वाक. मी वाकले नाही. हट्टाने नाही हो, खरंच जमलं नाही. मुलगा माझ्या कानाला लागत होता. आत्याबाई सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "उंची सोडली तर मुलीत नाव ठेवायला जागा नाही."

आणि आमची आई, जी मला आयुष्यभर वाकवत आली, ती एकदम म्हणाली, "सोडली तर म्हणजे? उंची काय चप्पल आहे काय, दाराबाहेर सोडून यायला?"

झालं! पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. त्यांची पाठ वळल्यावर आई पायरीवर बसून रडली. मी जवळ गेले तर म्हणाली, "आता ती नोकरी मिळव म्हणजे झालं. मी तर सगळं घालवून बसले." तोवर नोकरी ही फक्त माझी गरज होती. आता आईची अब्रूही तिच्यात अडकली. हे स्थळ का मोडलं, ते गावभर व्हायला वेळ लागणार नव्हता. आणि माझं कॉलेज संपत आलं होतं, म्हणजे निवडीची ही शेवटची संधी.

सरांना त्या आठवड्यात परीक्षांचं काम. वडील समुद्रावर. मग मुंबईला माझ्याबरोबर आई आली. तेच सिमेंटचं मैदान, त्याच फाटक्या आवाजाच्या बाई. आई कडेला बाकावर बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत दशम्या. घाबरून तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

मी बरी खेळत होते. हुलकावणीला फसले नाही. कमरेवर नजर, हात सरळ. दोन चेंडू बोटांनी थोपटून आमच्या मुलीच्या हातात दिले, तिने धावत जाऊन बास्केट केली. बाईंनी मान डोलावली. सामना बरोबरीत आला. शेवट जवळ आला आणि त्यांची सगळ्यांत दांडगी खेळाडू अंगावर आली. मी उडाले, चेंडू मिळाला, पण हात घामाने ओले. बोट निसटलं आणि चेंडू सुटला तो सरळ बाहेर, बाकांच्या दिशेने.

माझा उजवा पाय उचलला गेला. खरं सांगते, उचललाच गेला. इतक्या वर्षांची सवय अशी जाते थोडीच.

तेवढ्यात बाकावरून आई उठली. पिशवी टाकली, पदर खोचला, आणि पन्नाशीला टेकलेली ती बाई चेंडूमागे धावत सुटली. चेंडू आणायला ठेवलेली पोरं बघतच राहिली. बाकाखाली वाकली, चेंडू ओढून काढला, आणि तिथूनच, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "मी आणलाय गो! तू तुझी जागा सोडू नको!"

पुन्हा हसले सगळे. या खेपेला मला काही वाटलं नाही. मी रिंगखाली परत आले, हात वर केले. त्यांनी चेंडू आत टाकला, तीच दांडगी पुन्हा वळली, खांदे उचलले. मी हलले नाही. मग तिची कंबर उठली आणि मी उडाले. चेंडू बोटांवर आला, थोपटला, आमच्या मुलीच्या हातात. पुढची बास्केट मी पाहिली नाही. मी बाकाकडे बघत होते.

संध्याकाळी नावं वाचली, त्यात माझं होतं. ते ऐकून आईने दशम्यांची पिशवी सोडली. मग आम्ही दोघींनी दशम्या खाल्ल्या. खाता खाता मी तिला म्हटलं, "तू कशाला गं धावलीस? तिथे माणसं होती ना आणायला."

"मला काय माहीत? रोज बघते ना मी तुमचा कायदा. ज्याच्या हातून गेला, त्यानं आणायचा."

"पण गेला तो माझ्या हातून."

"मग?" आई म्हणाली. "घरातल्या कुणीतरी आणला म्हणजे झालं."