काकांची लाल गाडी आणि आत्याची एक वर्षाची मुदत

काकांनी मे महिन्यात चामड्याचे हातमोजे विकत घेतले, तेव्हाच मला खटकलं होतं.

बनारसचा मे! आमच्या बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर दुपारी कुत्रंसुद्धा पाय ठेवत नाही, आणि रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस पलंगावर बसून हातमोजे घालून बोटं उघडमीट करतोय! मी विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?" ते म्हणाले, "ग्रिप चांगली आहे." कशाची ग्रिप, ते सांगितलं नाही. मी घाबरून जबलपूरला बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "तुला तर दूध उतू गेलं तरी फोन करावासा वाटतो."

चार दिवसांनी गाडी आली. त्यानंतर किस्से असे साठत गेले, की बँकेत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी मैत्रिणी विचारतात, "सुमी, गाडी का क्या हाल है?" एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याच्या शेपटीला धरून बाहेर येतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळे ओळीनं सांगून टाकू.

*

आमच्या घरात माणसं तीनच. काका, त्यांची मोठी बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. बाबांची बदली झाली, माझी नोकरी इथल्या बँकेत, म्हणून मी या दोघांजवळ राहिले. काकांनी लग्न केलं नाही. आत्या ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली आणि मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून तिनं घर चालवलं. त्यामुळे घरात शेवटचा शब्द आत्याचा. पहिलाही तिचाच.

गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार! लाल, दोन दारं, दोनच सीट. प्रयागराजच्या एका डॉक्टरांचा मुलगा परदेशी गेला, त्याची ही सेकंडहँड गाडी काकांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली. मला वाटलं, आता घरात भूकंप होणार.

आत्या भाजी चिरत होती. विळी बाजूला ठेवून म्हणाली, "का?"

काका सगळी नोकरी एका छोट्या स्टेशनवर सहायक स्टेशन मास्तर होते. तिथे मेल-एक्स्प्रेस थांबत नसत. ते म्हणाले, "ताई, जन्मभर मी वेगाला हिरवा झेंडा दाखवला. एकदा आत बसून बघू दे."

आत्यानं विळी परत पुढे ओढली. मग म्हणाली, "एक वर्ष. तिचा खर्च तुझ्या तू भागवायचास. घरखर्चाला हात लागला, की गाडी विकायची. आणि मी तिचं तोंडसुद्धा बघणार नाही!"

*

तोंड बघायचा प्रश्न नव्हताच. आमच्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसानं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं असतं. तिथे गाडी कुठून येणार! ती राहायची गंगेपलीकडे, रामनगरला, बचऊ मिस्त्रींच्या शेडमध्ये. म्हणजे पहिला खर्च, शेडचं भाडं. दुसरा खर्च, गाडी चालवायला जाण्यासाठी ऑटोचं भाडं!

आत्या म्हणाली, "गाडीत बसायला ऑटोनं जाणारा तू जगात एकटाच."

काका दर रविवारी सकाळी पूल ओलांडून जायचे, हायवेपर्यंत एक फेरी मारायचे आणि ऑटोनंच परत यायचे. परत आले की चेहरा असा, की जणू मंगळा आरतीला पुढे उभं राहायला मिळालं!

माझा मात्र रविवार गॅसवर. मी अट घातली, निघताना फोन करायचा, परतल्यावर फोन करायचा. काका म्हणाले, "करीन. पण मध्ये तू करायचा नाहीस. स्टीअरिंगवर हात असताना मी फोन उचलत नाही. रेल्वेचा माणूस आहे मी." आणि खरंच, मी मध्ये कितीदा फोन लावला असेल, पण त्यांनी एकदाही उचलला नाही. एकदाही!

*

विमा काढायला मी सोबत गेले होते. गाडी जुनी, पण हप्ता ऐकून मी खुर्चीचा हात धरला. एजंट फॉर्म भरत होता. "चाचा, गाड़ी किस काम के लिए है? ऑफिस? बिज़नेस?"

काका म्हणाले, "शौक़."

एजंटनं रकाना शोधत पान उलटून पाहिलं, परत सुलटं करून पाहिलं. "शौक़ का तो खाना ही नहीं है, चाचा!"

शेवटी त्यानं 'घरगुती' लिहिलं. काका परतीच्या वाटेवर पुटपुटत होते, "घरगुती! ती काय मिक्सर आहे?"

*

एका रविवारी मीही गेले. एकदाच. सीट इतकी खाली, की मला वाटलं रस्त्यावरच बसलेय. शेजारून गेलेल्या सायकलचं पेडल माझ्या कानाशी!

स्पीडब्रेकर आला की काका गाडी तिरकी करायचे. सरळ नेली तर पोट घासतं. एक चाक, मग दुसरं, मग तिसरं... मागच्यांना वाटायचं चाचा वळतायत. ते उजवीकडून घुसायचे. मग काका डावीकडे. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते आणि प्रत्येक ब्रेकरला पहिल्यापासून सुरू करत होते.

चौकात एक ई-रिक्षावाला शेजारी थांबला. त्यानं गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली, मागची सीट शोधली. मग अगदी काळजीनं विचारलं, "चाचा, बाकी आधी गाड़ी कहाँ छोड़ आए?"

घरी येऊन मी आत्याला सांगितलं. तिनं तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, कळलं नाही. मग म्हणाली, "तिरकी घेतो ना? तेवढी अक्कल आहे म्हणायची."

*

श्रावणात गंगा चढली. आमच्याकडे हे दरवर्षीचं. पायऱ्या गेल्या, खालची देवळं गेली, शेजारपाजारचे रोज घाटाच्या वर येऊन पाणी बघायचे. काकाही सगळ्यांच्या पुढे उभे. शेजारच्या गुरुजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका, तुमच्या घरापर्यंत येत नाही."

"घराचं कोण बोलतंय!" काका म्हणाले आणि वळकटी बांधून रामनगरला निघाले.

बचऊ मिस्त्रींनी गाडी विटा आणि फळ्यांवर चढवून ठेवली होती. वर खांबाला जाड दोर बांधलेला. म्हणाले, "चाचा, निश्चिंत रहिए. अब आएँ गंगा मइया. गाड़ी बह भी गई, तो बँधी रहेगी, नाव की तरह!"

पाणी शेडपर्यंत आलंच नाही. पण काका तिथेच मुक्कामाला. दुसऱ्या दिवशी आत्यानं माझ्या हातात डबा दिला. पिठलं, भाकरी आणि लोणचं.

"आत्या, तू तर म्हणाली होतीस—"

"गाडीसाठी नाही देत. त्या वेड्यासाठी देतेय." मी जिना उतरत होते, तर वरून हाक आली, "आणि बघून ये, विटा चारी चाकांखाली सारख्या आहेत का!"

*

दसरा! इथल्या सगळ्या मिस्त्रींची पूजा विश्वकर्म्याची, ती आधीच झालेली. पण काकांना आपल्या पद्धतीची हवी. झेंडूची माळ, हळदकुंकू, चारी चाकांखाली लिंबं. रामलीलेच्या दिवसांत रामनगरचा रस्ता म्हणजे नुसती डोकीच, म्हणून गाडी शेडमधल्या शेडमध्येच दोन हात पुढे घ्यायची ठरली.

काकांनी नारळ गाडीपुढे ठेवला, अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि भारावून गाडीत जाऊन बसले. लिंबं पट्पट् फुटली. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात धाड्!

मी किंचाळले. नारळ उचलायचा राहिला होता. बाकी कुठली गाडी असती तर नारळावरून अलगद गेली असती. पण ही जमिनीपासून चार बोटं वर! बंपरचा खालचा ओठ उभा चिरलेला.

बचऊ मिस्त्री पालथे पडून आत शिरले. नुसते पाय बाहेर दिसत होते. मग गाडीखालून आनंदी आरोळी आली, "चाचा! नारियल साबुत है!"

तो बंपर दिल्लीहून मागवावा लागला. त्या खर्चात काकांचं पान गेलं. म्हणजे खायचं बंद. चौकातल्या पानवाल्यानं मला अडवून विचारलं, "चाचा हमसे नाराज़ हैं क्या?" काय सांगणार!

आणि आत्या? तिनं सगळं ऐकून घेतलं. "नारळ परत आणलास ना? दे इकडे, चटणीला होईल."

*

इथपर्यंत मी हे हसत सांगते. पण खर्च हसत नव्हते. मागच्या एका टायरच्या पैशात आमचा कितीतरी महिन्यांचा किराणा आला असता, आणि टायर एक बदलून चालत नाही, जोडीनं बदलायचे. तेल वेगळंच, महाग. पेट्रोल तर विचारूच नका. पानानंतर काकांचं वर्तमानपत्र गेलं, ते गुरुजींकडे जाऊन वाचायला लागले. मग हिवाळ्यात नवा स्वेटर घेतला नाही. "जुना काय वाईट आहे?" जुन्याच्या कोपरातून शर्ट दिसत होता. पण घरखर्चाचे पैसे दर पहिल्या तारखेला आत्याच्या हातात. एक दिवस उशीर नाही.

मी एकदा म्हटलं, "काका, माझ्या पगारातून थोडे—"

"गप्प बस. ताईच्या अटीत तू नाहीस."

वर्ष संपायला महिना राहिला होता. मला वाटलं, निघालं वर्ष! आणि क्लच गेला.

बचऊ मिस्त्रींनी आकडा सांगितला. काका घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, या वेळी घरच्या पैशांना हात लावावा लागेल. तो मी लावणार नाही. विकतो."

मला वाटलं, आत्या म्हणेल, मी सांगितलं होतं! पण तिनं भलतंच विचारलं. "पुलाच्या चढावर गर्दीत उभा असतोस, तेव्हा अर्धा क्लच दाबून धरतोस का रे?"

काका गोंधळले. "हो. का?"

"मग जाणारच. हँडब्रेक कशाला असतो?" आत्या उठली. "मिर्झापूरच्या जीपला कधी असं झालं नाही."

आणि देवाजवळ दिवा लावायला निघून गेली. मिर्झापूरला आत्याचे यजमान सरकारी ओव्हरसियर होते, त्यांना जीप होती, एवढं मला माहीत होतं. ते गेले तेव्हा मी जन्मलेही नव्हते. त्या घरातलं आत्या कधी काही बोलत नाही.

*

लखनौचा एक माणूस गाडी घ्यायला तयार झाला. क्लच दुरुस्त करून द्यायचा, त्याचे पैसे त्यानं आगाऊ दिले. रविवारी सकाळी तो रामनगरला येऊन गाडी नेणार होता. काका वाटेत फोन उचलत नाहीत म्हणून माझाही नंबर त्याला दिलेला.

शनिवारी काकांनी हातमोजे धुतले, वाळवले आणि कपाटात ठेवले. मला ते बघवेना.

रविवारी काका निघाले, तर आत्या जरीकाठाची साडी नेसून दारात उभी. "चल. दुसऱ्याच्या हातात जाण्याआधी एकदा बघून घेते."

मी म्हटलं, "आत्या, मोबाईल घे." तिचा मोबाईल कायम पिशवीत, बंद. म्हणते, बॅटरी खर्च होते. ती म्हणाली, "बघायला चाललेय, लढाईवर नाही." जाता जाता तिनं कपाटातून काहीतरी काढून पिशवीत टाकलं.

तासाभरानं फोन वाजला. लखनौवाला. "मैडम, मैं शेड पर खड़ा हूँ। यहाँ गाड़ी तो है ही नहीं!"

"मिस्त्रीजी को फ़ोन दीजिए!"

बचऊ मिस्त्री म्हणाले, "बिटिया, चाचा और बुआजी तो कब के निकल गए। बोले, पाँच मिनट में आते हैं। बुआजी ने चश्मा पोंछा, और बस, निकल गए।"

मी काकांना फोन लावला. वाजत राहिला. उचलणार नाहीतच, चालवतायत! आत्याला लावला. बंद. परत काकांना. परत. माझ्या डोळ्यांसमोर पूल, ट्रक, गंगा, सगळं. नवा क्लच, आत्याचं वय, तिची मान! लखनौवाल्याचा मध्येच फोन, "मैडम, हम कब तक खड़े रहें?" तो कापून मी परत काकांना लावला. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं देवापुढची घंटा धरलेली, का ते मलाही माहीत नाही.

आणि फोन उचलला गेला.

मागे इंजिनाचा मोठा आवाज. वाऱ्याचा त्याहून मोठा.

"काका! कुठे आहात? तो माणूस शेडवर उभा आहे, त्याला काय सांगू?"

"थांब, ताईला विचारतो."

वाऱ्यातून आत्याचा आवाज आला, शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तसा. "म्हणावं, मिस्त्रींना सांग, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा! त्याचे आगाऊ पैसे उद्या माझ्या खात्यातून दे!"

घंटा हातातून पडली. सुचलं ते एवढंच, "पण काका, चालत्या गाडीत तुम्ही फोन कसा उचललात?"

"मी कुठं चालवतोय!"