रुमालाखाली दिलेला हात

मी म्हशींचा व्यापारी. पडेगावचा गोठा मी चार पत्र्यांपासून, दिलेला शब्द पाळण्याच्या जोरावर उभा केला. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची आणि जुळलं की हात घट्ट आवळायचा. कागद नाही, साक्षीदार नाही. हात दिला म्हणजे दिला.

वैजापूरच्या बाजारात माझ्या जुन्या दोस्तानं असाच हात देऊन एक दुभती म्हैस मला विकली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन त्याच्या दारात गेलो, तर नुसता खुंटा. म्हैस त्यानं मेव्हण्याला देऊन टाकली होती.

"घरचा माणूस हाय, भाऊ. त्याला आधी द्यावंच लागतं. तू तर समजदार हाईस."

"मग रुमालाखाली मेव्हण्याचाच हात धरायचा होता!"

तो हसला. मी रिकामा टेम्पो आदळत आपटत परत आणला.

घरी ताट भिरकावलं. मुलगी जीवशास्त्र शिकते. सगळं ऐकून म्हणाली, "पप्पा, आपल्यातल्याला आधी द्यायचं, हे माकडांतही असतं. फसवलं की चिडणंही असतं. दोन्ही माणसाच्या आधीपासूनचं आहे."

"म्हणजे तो बी बरोबर, मी बी बरोबर? वा!"

"नाही. कधी कुणाचं ऐकायचं, त्यासाठी तर डोकं आहे."

"त्याचं डोकं मेव्हण्याची वकिली करतंय."

"सगळ्यांचंच करतं, पप्पा. आपलंही."

मला तिचाही राग आला.

पुढच्या महिन्यात एका अनोळखी गिऱ्हाइकाला मी मुऱ्हा जातीच्या एका म्हशीसाठी हात दिला. त्याच संध्याकाळी थोरल्या भावाचा फोन. "ती मुऱ्हा मला दे. नातवाला दूध लागतं."

डोकं लगेच कामाला लागलं: गिऱ्हाईक परका, पुन्हा तोंडही दिसायचं नाही; भाऊ तो भाऊ. मुद्दे एकदम चोख. आणि हे सगळे मी ऐकलेले होते, त्या मोकळ्या खुंट्यापाशी. दोस्ताचाही आला नव्हता एवढा संताप मला माझ्याच डोक्याचा आला.

"दूध रोज ने, फुकट ने. म्हैस नाय मिळायची. हात दिलाय."

"परक्यासाठी भावाला नाय म्हणतो व्हय?"

"व्हय!"

परका आला, दात बघून म्हैस घेऊन गेला. धड रामरामही केला नाही. भाऊ दुधालासुद्धा आला नाही, बोलतही नाही. दोस्त मात्र बाजारात अजून हसत रुमाल पुढं करतो. मी हात खिशातच ठेवतो.